पाखरांची वाकळ: अकरा पक्षी झाले, नऊ अडलेत

रानजाई (सातारा)
३ जून, रात्री १०.१२

मंडळी, एक विचारायचं आहे. आधी थोडं मागचं सांगते.

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी एक वाकळ (जुन्या कपड्यांची गोधडी) शिवायला घेतली. पूर्ण हाताने. आमचं घर गोडोलीच्या बाजूला, वर अजिंक्यतारा. गॅलरीसमोर एक उंबर आहे, कुंपणाला शेवगा आणि बाहेरून विजेच्या तारा गेल्यात. या तीन जागांवर जे पक्षी मी स्वतः पाहिले, तेवढेच वाकळेवर घ्यायचे असं ठरवलं. मोजले तर वीस भरले. एकेक फुटाचे वीस चौकोन, प्रत्येकावर कापडातून कापून शिवलेला एक पक्षी; आडवे चार, उभे पाच, भोवती सहा इंचांची किनार. म्हणजे पाच फूट बाय सहा फूट. कापड सगळं घरातलं: आईची सुती लुगडी, माझ्या जुन्या साड्या, बाबांचं एक धोतर, खणाच्या दोन चोळ्या. विकतचं कापड वीतभरसुद्धा नाही.

पहिले अकरा पक्षी दीड वर्षात झाले. नंतरच्या दीड वर्षात एकही नाही.

रोज रात्री जेवणं उरकली की डबा उघडते. दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावते. झालेले चौकोन पुन्हा मोजते, पुढच्या पक्ष्याचा कागद काढते, गिरवते, आणि दहा वाजले की डबा मिटते. कंटाळा आलेला नाही, वाकळ मला मनापासून हवी आहे. आई (वय ७६) दर आठवड्याला विचारते, "कोतवाल बसला का गं तारेवर?" कोतवाल राहिलेल्या पक्ष्यांपैकी एक. तिला काय सांगावं कळत नाही.

असं लांबलेलं हातकाम ज्यांनी पुरं केलंय, त्यांनी सांगा. गाडं परत कसं हललं?

घाटावरची (मूळ सातारा, सध्या पुणे)
३ जून, रात्री १०.४०

अकरा पक्षी!! फोटो टाक ना गं आधी. माझी क्रोशाची चादर सात वर्षं पिशवीत आहे, त्यामुळे सल्ला देत नाही, नुसती वाचत बसते.

टाकादोरा (कऱ्हाड)
४ जून, सकाळी ६.५५

मी गेली वीस वर्षं भरतकाम करते. माझा अनुभव असा की वेळ शिवण्यात जात नाही, सुरुवात करण्यात जातो. त्यामुळे रविवारी एकदाच आठ-दहा सुयांत दोरे ओवून त्या उशीला टोचून ठेवायच्या. दोरा हाताच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला की पिळे पडून गाठी होतात. मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घेतला तर आणखी बरा. रात्री डबा उघडला की सुई तयार. ओवायला बसलं की चष्मा शोधण्यापासून सगळं सुरू होतं आणि तिथेच रात्र संपते.

आणि वीस मिनिटांवर बसू नकोस. मन लागलं असलं तरी उठ. दुसऱ्या दिवशी हात आपोआप डब्याकडे जातो.

वाईकर_मावशी (वाई)
४ जून, सकाळी ११.२०

रानजाई बाळ, तू वाकळ एकटी शिवतेस हेच मला नवल वाटतं. आमच्याकडे वाकळ कधी एकटीनं शिवलीच नाही. सुगी उरकली, चैत्र-वैशाखाची उन्हं लागली की दुपारी पडवी सारवून घ्यायची. लुगडी धुवून खडखडीत वाळवलेली. खाली एक लुगडं पसरायचं, मधे फाटकी धडपी, सदरे, धोतरं यांचे थर नीट चापून लावायचे, वर चांगलं लुगडं. चारी कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, दगड, जे हाताला येईल ते वजन. मग कच्चे टाके घालून चार बाजूंना चौघी बसायच्या. गप्पा चालायच्या आणि धावदोरा चालायचा. कुणाची सून माहेराला गेली, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, सगळं त्या वाकळेवर. आठवड्यात एक उतरायची.

एकटीला तीन वर्षं लागली तर त्यात तुझं काय चुकलं?

रोखठोक (विटा)
४ जून, दुपारी १.०५

माझं मत वेगळं आहे. पक्षी तुम्ही शिवा, पण थर जोडून धावदोरा घालायचं काम मजुरीवर द्या. माझी आई वाकळा शिवून देते. तिचा हात इतका बसलाय की दोऱ्याची ओळ पट्टी लावल्यासारखी जाते. "सगळं मीच करणार" या हट्टापायी कित्येकांची लुगडी बोचक्यात कुजतात, आणि इकडे शिवणाऱ्या बायकांना काम मिळत नाही.

घाटावरची
४ जून, दुपारी १.३०

पण दादा, मग ती हिची वाकळ कशी राहील? आपल्या हाताचा टाका तो आपल्या हाताचा.

रोखठोक
४ जून, दुपारी १.४८

ताई, आईनं शिवलेल्या वाकळा ज्यांच्या घरी आहेत ती माणसं त्या आपल्याच म्हणतात आणि ते बरोबरच आहे. लुगडं त्यांच्या आजीचं, टाका माझ्या आईचा. दोघींची झाली म्हणून काय कमी झालं?

हिशेबनीस (मिरज)
४ जून, रात्री ८.१५

आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे आकडा दिसला की हात शिवशिवतो. रानजाईताईंच्या वाकळेचा हिशेब मांडला.

६० इंच गुणिले ७२ इंच म्हणजे ४,३२० चौरस इंच. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरलं तर एकूण ८,६४० इंच ओळ होते. म्हणजे ७२० फूट, मीटरमध्ये साधारण २१९. इंचाला चार टाके धरले तर ३४,५६० टाके. सहा फुटी एक ओळ घालायला अर्धा तास लागतो असं आमची मंडळी म्हणतात (त्यांनी लगेच एका जुन्या चादरीवर घालून दाखवली, मी घड्याळ लावलं). अशा १२० ओळी, म्हणजे ६० तास. रोज अर्धा तास बसलात तर १२० दिवस.

आता पक्ष्यांचं बघा. तुमच्याच सांगण्याप्रमाणे अकरा पक्षी दीड वर्षात, म्हणजे एकाला सात आठवडे. या वेगाने उरलेले नऊ व्हायला सव्वा वर्ष. त्यानंतर चार महिने धावदोरा. काम मोठं आहे, पण त्याला शेवट आहे आणि तो दिसतो.

जाता जाता: आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले असतात. पुरता वाळल्याशिवाय कारागीर त्याला हत्यार लावत नाही. थांबलेलं काम प्रत्येक वेळी खोळंबलेलं असतंच असं नाही.

माणदेशी (म्हसवड)
४ जून, रात्री ९.०२

वीसच्या जागी एकवीस करा आणि रोहित (फ्लेमिंगो) घ्या. हिवाळ्यात मायणीच्या तलावावर नाहीतर येरळवाडीला उतरतात, एवढी गुलाबी पाखरं आपल्या जिल्ह्यात येतात आणि साताऱ्याच्या वाकळेवर नाहीत हे काय बरोबर दिसत नाही.

रानजाई
४ जून, रात्री ९.३०

माणदेशी, मायणीला जाऊन मीही पाहिलेत. पण नियम गॅलरीचा आहे. रोहित उंबरावर बसला की लगेच घेते. :)

हिशेबनीस काका, तुम्ही आणि काकूंनी माझ्यासाठी घड्याळ लावून ओळ घातलीत, हे वाचून फार बरं वाटलं. "१२० दिवस" असं कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं.

पाखरवेडा (सांगली)
५ जून, सकाळी ७.१०

वीसमध्ये शिंपी आहे ना? नसेल तर धागा वाचणं बंद.

शिंप्याचं शिवणकाम पाहिलंय का कुणी? आमच्या विश्रामबागेतल्या घरी कर्दळीच्या पानात घरटं केलं होतं. मादी चोचीनं पानाच्या कडांना बारीक भोकं पाडते आणि त्यातून कापसाचे, सालीचे तंतू, कोळ्याचं जाळं ओवते. आपल्यासारखी गाठ मारत नाही. भोकातून बाहेर आलेलं टोक विसकटून फुगतं आणि तेच तिथे अडकून बसतं. पान झाडावर जिवंत असतं, त्यामुळे ते हिरवंच राहतं आणि घरटं शेजाऱ्यालासुद्धा दिसत नाही.

सुगरणीचं उलट. नाव बाईचं, विणणारा नर. तो अर्धा खोपा विणून थांबतो, मादी येऊन बघते. तिला पसंत पडला तर पुढचा विणतो, नाहीतर तो तसाच सोडून दुसरा सुरू करतो. बाभळीवर किती अर्धवट खोपे लोंबत असतात! त्यामुळे अर्धवट कामाला पक्ष्यांत मान आहे.

कृष्णाकाठ (सांगली)
५ जून, दुपारी ४.४५

वाकळेचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आठवड्यानं परत आलो. कापसाच्या गाद्या, उशा, दुकानातली रजई, सगळं पाणी पिऊन दगड झालेलं, वास मारत होतं. उचलायला चार माणसं लागली आणि सगळं टाकावं लागलं. आजीच्या दोन वाकळा मात्र राहिल्या. आत कापूस नाही, नुसते लुगड्यांचे थर आणि जागोजागी धावदोरा, त्यामुळे गाळ आत शिरून गोळा झाला नाही. चार पाण्यांनी धुतल्या, गच्चीवर तीन दिवस उन्हात टाकल्या, आणि पुन्हा अंगावर आल्या. एका कोपऱ्याला पुराचा पिवळट डाग आहे तो गेला नाही. आम्ही तो काढायचा प्रयत्नही सोडला.

म्हणून रानजाई, ओळींतलं अंतर कमी ठेव. अर्ध्या इंचावर जाऊ नकोस. आमची आजी करंगळीच्या नखाएवढं अंतर ठेवायची.

हिशेबनीस
५ जून, सायंकाळी ५.२०

कृष्णाकाठ, असं केलंत तर माझे १२० दिवस वाढतील हो!

हल्याळकर (हल्याळ)
५ जून, रात्री ९.५०

मी तुमच्या जिल्ह्यातला नाही, पण घरी मराठी आणि विषय आवडीचा. आमच्या कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. तीसुद्धा जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची. कडेपासून टाका सुरू करतात आणि फिरत फिरत आत येतात, शेवट मध्यावर. तुमच्याकडे कसं?

वाईकर_मावशी
६ जून, सकाळी १०.३०

आमच्याकडेही कडेनंच. चौघी बसल्यावर दुसरं कसं जमणार!

टाकादोरा
६ जून, सकाळी ११.१५

मावशी, साध्या वाकळेला कडेपासून ठीक. हिच्या वाकळेवर पक्षी आहेत, वरचा थर जोडांचा आहे. कडेपासून आत आलात तर वरच्या कापडाचा ढिलेपणा सरकत सरकत मध्ये येतो आणि तिथे चुणी पडते. ती नेमकी एखाद्या पक्ष्याच्या पोटावर पडली तर? त्यामुळे मध्यापासून बाहेर. आधी प्रत्येक पक्ष्याभोवती एक ओळ, मग बाकीचं.

वाईकर_मावशी
६ जून, सकाळी ११.४०

ताणून वजनं ठेवली आणि कच्चे टाके वीत-वीत अंतरावर घातले तर चुणी पडत नाही. साठ वर्षं शिवतेय.

टाकादोरा
६ जून, दुपारी १२.०५

तुमच्या हाताला पडत नाही मावशी, आमच्या हाताला पडते. :)

पाखरवेडा
७ जून, सकाळी ६.४०

धागा वाकळेच्या पुराणात गेला (चांगलाच गेला), पण मूळ प्रश्न राहिला. रानजाईताई, एक करा. कुठले अकरा झाले आणि कुठले नऊ राहिले ते लिहा. उत्सुकता म्हणून विचारतोय.

रानजाई
७ जून, रात्री ९.१५

झालेले: हळद्या, वेडा राघू, खंड्या, पोपट, तांबट, हरियाल, साळुंकी, चिमणी, होला, टिटवी (ती तारांवरून ओरडत जाते, बसत नाही, पण घेतली) आणि हो, शिंपी.

राहिलेले: कोतवाल, कावळा, कोकीळ, दयाळ, चिरक, बुलबुल, भारद्वाज, जांभळा शिंजीर, कवड्या धोबी.

पाखरवेडा
७ जून, रात्री ९.२८

ताई, तुमच्या लक्षात आलं का? राहिलेले सगळे काळे आहेत.

कोतवाल आणि कोकीळ पूर्ण, कावळा जवळजवळ. दयाळ आणि धोबी काळे-पांढरे. चिरकाचा नर काळा, बुलबुलाचं डोकं काळं, भारद्वाजाचं अंग काळं. शिंजीर लांबून काळाच दिसतो. नऊच्या नऊ.

घाटावरची
७ जून, रात्री ९.३१

अगं बाई खरंच!

टाकादोरा
७ जून, रात्री ९.४४

आणि ही शिवते रात्री. जेवणं उरकल्यावर. ट्यूबच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा! रानजाई, कुणाच्याच डोळ्यांना ते दिसत नाही. मी काळं काम सकाळी दहाच्या आत करते, पूर्वेच्या खिडकीत. संध्याकाळनंतर काळ्याला हात लावत नाही.

रानजाई
८ जून, पहाटे ५.५०

रात्रभर हेच डोक्यात होतं.

कोतवाल मी खरं तर सुरू केला होता, हे लिहायचं राहिलं, की टाळलं, माहीत नाही. दीड वर्षापूर्वी एका रात्री अर्धा बसवला. कापड आईच्या काळ्या चंद्रकळेचं, संक्रांतीला नेसायची ती. सकाळी उजेडात बघितलं तर टाके कुठेही पडलेले, तीन ठिकाणी सुई खालचा थरही घेऊन गेलेली, आणि शेपटीच्या खाचेत चंद्रकळा विरलेली. उसवताना आणखी फाटली. आईला सांगितलं नाही. उरलेल्या चंद्रकळेची घडी करून डब्याच्या तळाला ठेवली. रोज डबा उघडते, पण त्या घडीपर्यंत पोचत नाही, वरच्या वर रिळं लावत बसते.

नऊही पक्ष्यांचा काळा भाग त्याच चंद्रकळेतून यायचा आहे. घरात दुसरं काळं सुती कापड नाही.

टाकादोरा
८ जून, सकाळी ७.३०

आता नेमकं कळलं. हे आळसाचं दुखणं नाही, कापडाचं आणि उजेडाचं आहे, आणि दोन्हीवर उपाय आहे. नीट वाच.

जीर्ण कापड एकेरी कधी वापरायचं नाही. मागून मलमलचा तुकडा लाव. बाबांचं धोतर आहे म्हणालीस, तेच चालेल. दोन्ही थर एकत्र टाचून घे, मग पक्ष्याचा आकार काप. पाव इंच कड दुमडायला सोड. टाक्याचा ताण मग धोतरावर येतो, चंद्रकळा नुसती वर राहते.

कोतवालाची दुभंगलेली शेपटी एका तुकड्यात करू नकोस. आतली खाच कापली की तिथे दुमडायला कापड उरत नाही, तिथेच विरतं. शेपटीच्या दोन वेगळ्या पट्ट्या कर, दोन्ही बाहेर वळणाऱ्या, आणि त्यांची वरची टोकं अंगाच्या तुकड्याखाली घाल. खाच आपोआप तयार होते.

दोरा काळा नको, गडद निळा घे. सुईची वाट तुला दिसेल. आणि सुई बारीक, म्हणजे मोठ्या नंबरची. हातशिलाईच्या सुईत नंबर वाढला की सुई बारीक होते, दुकानात नीट बघून घे.

पाखरवेडा
८ जून, सकाळी ८.०५

निळ्या दोऱ्याला माझंही मत. कोतवालावर ऊन पडलं की तो निळसर चमकतो. निळा टाका दिसला तर तो खराच दिसेल.

वाईकर_मावशी
८ जून, सकाळी १०.१०

आणि आईला सांग. लुगडं तिचं आहे.

रोखठोक
८ जून, दुपारी २.२०

माझ्या आईला धागा वाचून दाखवला. ती म्हणते, विरलेलं लुगडं आधी तांदळाच्या पातळ पेजेत बुडवून वाळवा. थोडं कडक होतं, कापताना पळत नाही. वाकळ झाल्यावर पहिल्या धुण्यात पेज निघून जाते. आणि ओली पांढरी चिंधी काळ्यावर घासून बघा, रंग सुटत असेल तर पांढऱ्या धोब्याशेजारी लावायच्या आधी रंग सुटायचा थांबेपर्यंत धुऊन घ्या.

रानजाई
२३ जून, दुपारी १२.३५

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण शिवत होते.

आईला सांगितलं. तिनं घडी मागून घेतली, उलगडली, फाटलेल्या जागी बोट घालून बघितलं. म्हणाली, "ही मी नेसायची तेव्हाच पदराला विरली होती. मी रफू केलंय, दिसलं नाही तुला?" खरंच तिथे रफू आहे. काळ्यावर काळा, तिनं केलेला, चाळीस वर्षांपूर्वी. मग तिनंच कात्री घेतली आणि शेपटीच्या दोन पट्ट्या कापून दिल्या.

पेज केली, धोतर लावलं, निळा दोरा घेतला. शनिवार-रविवार सकाळी सात ते साडेआठ, गॅलरीत. रात्री डबा उघडत नाही, रात्री वाचते. कोतवाल काल पूर्ण झाला. तारेवर बसलाय, तार म्हणजे राखाडी दोऱ्याची उलटी टीप.

रोखठोक दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. पक्षी संपले की थर लावायला त्या साताऱ्याला येतील का? मजुरी त्या सांगतील ती. मला त्यांच्याकडून ताणून वजनं ठेवायला शिकायचं आहे, आणि धावदोरा आम्ही दोघी-तिघींनी मिळून घालावा असं वाटतं. वाईकर मावशी, वाईहून सातारा लांब नाही.

वाईकर_मावशी
२३ जून, दुपारी १.००

डबा घेऊन येते. मी कडेपासून शिवणार हे आत्ताच सांगते.

टाकादोरा
२३ जून, दुपारी १.१२

मग मी मध्यापासून येते. भेटू कुठेतरी बुलबुलापाशी.

रोखठोक
२३ जून, सायंकाळी ६.४०

आई हो म्हणाली. दिवाळीनंतर, शेतातलं आवरलं की.

हिशेबनीस
२३ जून, रात्री ८.००

चार जणी असतील तर ६० तासांचे १५. नोंद करून ठेवली.

रानजाई
१४ जुलै, सकाळी ९.०५

कावळा पावसात भिजलेला केला, पिसं थोडी विसकटलेली. आता कोकीळ. नराचा डोळा लालभडक असतो, त्याला गाठीचा टाका घालायचा आहे. लाल दोरा किती पदरी घेऊ, आणि वेढा एक की दोन? चंद्रकळेवर गाठ टिकेल ना?

टाकादोरा
१४ जुलै, सकाळी ९.२०

दोन पदरी, सुईला एकच वेढा. दोन वेढ्यांनी डोळा बटणाएवढा होईल. वर आलेल्या भोकातूनच सुई परत खाली घालू नकोस, एक-दोन धागे सोडून घाल, नाहीतर गाठ विरलेल्या कापडातून सरळ पलीकडे निघून जाते.